शेपटीमागून जायचं नाही

आबा, यंदा तुमच्या फोटोला मी हार घातला नाही. तुमच्या सुनेनं घातला, उदबत्ती लावली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी खुर्चीतून उठलो नाही. मी तुमच्यावर रागावलेलो आहे, आणि हा राग आजकालचा नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, तरी राग होता तसाच आहे. इथे गुजरातेत, गोडादऱ्यातल्या आपल्या समाजाच्या हॉलमध्ये दरवर्षी तुमच्या नावानं वरण-बट्टीचं जेवण होतं. सगळी खान्देशी मंडळी येतात, आणि जेवणाआधी कोणीतरी माईक हातात घेऊन तेच वाक्य बोलतं, की दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी या माणसानं स्वतःचा जीव दिला. टाळ्या पडतात. मला दरवर्षी उठून विचारावंसं वाटतं, अहो, पण वाचलं कोण? मिलच्या त्या हौदातून तुमच्यासकट तिघांना बाहेर काढलं आणि तिघंही मेलेले होते. मग तुम्ही जीव दिलात तो नेमका कशाच्या बदल्यात? पण पंगतीला बसलेल्या माणसांना असलं काही विचारायचं नसतं. यंदा मंडळानं मलाच बोलायला सांगितलं आहे, तुमच्याबद्दल दोन शब्द. दोन शब्दांत मावेल असं माझ्याकडे काही नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी विमानं चालवतो. हसू नका. खरी नव्हेत, कॉम्प्युटरवरची, दुसऱ्या महायुद्धातली. आठवडाभर इच्छापोरच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो आणि रविवारी सकाळी आंघोळ झाली की जुन्या कॉम्प्युटरसमोर बसतो. शेजारी तुमची नात तिचा लॅपटॉप घेऊन बसते. हातात जॉयस्टिक, कानाला हेडफोन. इंटरनेटवरून कुठकुठल्या गावची माणसं एकाच आकाशात उडत असतात, काही आपल्या बाजूनं, काही समोरच्या बाजूनं, आणि सगळ्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. आमचा एक लहानसा गट आहे. गटात नवीन येणाऱ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि मी त्यांना एकच गोष्ट शिकवतो, बॉम्बर कसा पाडायचा. तुमची सून दारातून विचारते, मेलात की जिवंत आहात, जिवंत असाल तर पोहे खायला या. एरवी घरात या खेळाची किंमत एवढीच आहे.

बॉम्बर म्हणजे चार इंजिनांचं अवजड धूड. त्याला पटकन वळता येत नाही, जोरात पळता येत नाही. पण त्याच्या अंगावर सगळीकडे बंदुका असतात. नाकाला, पाठीवर, पोटाखाली, आणि अगदी शेपटीत एक बंदूकवाला मागे तोंड करून बसलेला. नवीन माणूस काय करतो, तर बॉम्बर दिसला की त्याच्या मागे लागतो. शंभरातल्या शंभर जणांना हेच सुचतं, कारण पळणाऱ्याच्या मागे लागायचं हे आपल्या अंगातच असतं. मागे लागून तो हळूहळू जवळ जातो. दोघांचा वेग जवळपास सारखा, दिशा एकच, त्यामुळे शेपटीतल्या माणसाला तो एका जागी टांगून ठेवल्यासारखा दिसतो, ना डावीकडे सरकत, ना उजवीकडे. त्याला नेमसुद्धा धरावा लागत नाही. म्हणून मी घसा कोरडा करून सांगतो, की आधी त्याच्या बंदुकांच्या टप्प्याबाहेर राहून वर चढा. त्याच्यापेक्षा उंच व्हा, त्याला मागे टाकून पुढे जा, मग वळा आणि समोरून, वरून, भरधाव या. चालकाच्या काचेवर किंवा पंख धडाला जुळतो तिथे क्षणभर गोळ्या झाडा आणि खालून सटका. मागे वळून बघत बसू नका. पुन्हा लांब जा, पुन्हा चढा. या एका फेरीला एवढा वेळ लागतो की नव्या पोरांचा धीर सुटतो. बॉम्बर तिकडे शहरावर चालला आहे आणि तुम्ही आम्हाला त्याच्यापासून लांब जायला सांगताय, असं ती चिडून म्हणतात. हो, तेच सांगतोय.

आणि दुसरी गोष्ट मी ओरडून सांगतो. आपला जोडीदार शेपटीमागे गेला आणि पेटला, तर त्याच्या वाटेनं जायचं नाही. काहीही झालं तरी नाही. त्या वाटेवर बंदूक आधीच लागलेली असते, अंतर तिला सापडलेलं असतं, आता फक्त कोणीतरी तिथे यायचं बाकी असतं. पण एक पेटला की दुसरा चवताळून तिथूनच जातो, आणि दुसरा पेटला की तिसरा. शेपटीत बसलेल्या त्या एका माणसाला बसल्या जागी तीन विमानं मिळतात. हे मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा हेडफोन काढून ठेवला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. खाली गल्लीत लूमचा खडखडाट चालू होता. भीती वाटत नव्हती, तुमच्यावर राग आला होता. तुम्ही तिसरे होतात, आबा.

राग याचा, की तुम्हाला हे सगळं कळत होतं. भेस्तानच्या त्या डाईंग मिलमध्ये तुम्ही जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या मशीनवर होतात, आणि मला नुकतंच तुमच्या हाताखाली लावलं होतं. रंगाच्या पाण्यातून कापड या रुळावरून त्या रुळावर जातं, संपलं की उलटं फिरतं, सगळा दिवस तेच. त्या दिवशी कापडाची कड दुमडून रुळात अडकायला लागली. मला वाटलं, हात घालून चटकन सरळ करावी. हात पोचायच्या आत तुम्ही माझी कॉलर धरून मला मागे ओढलंत आणि सगळ्या खात्यासमोर कानाखाली वाजवलीत. "पहिले मशीन बंद कर, मंग हात घाल," एवढंच बोललात. मशीन बंद करून कड सोडवेपर्यंत रंग एका जागी बसला आणि सगळा तागा वाया गेला. सेठ येऊन तुम्हाला वाट्टेल ते बोलला, तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. घरी जेवण झाल्यावर मात्र माझा उजवा हात ओढून घेतलात आणि बोटं एकेक करून दाबून पाहिलीत, जणू एखादं कमी निघेल. त्या थपडेचा राग मी कधी धरला नाही. आजही कारखान्यात नवीन पोरांना ते वाक्य मी तुमच्याच बोलीत सांगतो, आणि ओडिशाची पोरं ते हसत हसत पाठ म्हणतात.

मग त्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं? दुपारच्या चहाची वेळ आहे. एव्हाना मला वर फोल्डिंगमध्ये, कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात, हलवलं आहे. मिलच्या मागच्या अंगाला, सांडपाणी साठवायचा जमिनीखालचा हौद आहे, त्यातला गाळ काढायला ठेकेदारानं एका नव्या माणसाला उतरवलं आहे. यवतमाळकडचा माणूस, मिलमध्ये कोणाशी अजून ओळख नाही. तो शिडीनं खाली जातो, तळाशी पोचतो आणि बसतो. बसतो तो आडवाच होतो. त्याला उचलायला दुसरा उतरतो, तोही आडवा होतो. वर आरडाओरड सुरू होते. तुम्ही चहा तसाच ठेवून धावता, पाण्याच्या नळाखाली गमछा ओला करता, तोंडाला बांधता आणि शिडीला हात घालता. जिगरवर तुमचे जोडीदार होते, ज्यांना मी काका म्हणायचो, त्यांनी मागून तुमचा शर्ट धरला. शर्टाचा तुकडा फाटून त्यांच्या हातात राहिला. ते मला पुढे कितीतरी वर्षं भेटले की तेवढंच सांगायचे, की मी धरलं होतं रे, मी धरलं होतं.

ओला गमछा! रंगाची पूड कालवताना आपण सगळे तोंडाला ओला गमछा बांधायचो, आणि तिथे तो चालायचा. पूड फडक्यात अडकते. कॉस्टिक सोड्याच्या वाफेनं घसा जळतो तिथेही थोडाफार चालायचा. मिलमधल्या प्रत्येक माणसाला वाटायचं की नाकातोंडात जे काही जाईल त्याला ओला गमछा पुरेसा आहे, आणि कोणी सांगितलं नाही की हौदातल्या वायूला गमछा दिसतही नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं, मान्य. पण दोन माणसं त्याच शिडीनं उतरून त्याच जागी पडलेली तुम्हाला दिसत होती की नाही? बॉयलरपाशी हवेचा मोठा पंखा होता, तो ओढत आणता आला असता. गठ्ठे बांधायचा दोर ढिगानं पडला होता, कमरेला बांधता आला असता. बंबवाले मास्क लावून आले आणि काही मिनिटांत तिघांना वर काढलं. एवढा वेळ थांबणं तुमच्या जिवावर आलं, आणि आमची अख्खी आयुष्यं त्यावर गेली. ज्या माणसानं एका हातासाठी मला चारचौघांत मारलं, तो माणूस मशीन बंद न करता सबंधच्या सबंध आत गेला.

सेठ घरी आला होता. दाराबाहेर चपला काढल्या, तुमच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, "बहु सारा माणस हता." फार चांगले होतात म्हणे. ठेकेदार फिरकलासुद्धा नाही. मी त्यांच्यावर चिडायला हवं असं मला सगळे सांगतात, आणि चिडतोच मी. हवा तपासायची नाही, दोर बांधायचा नाही, वर राखायला माणूस ठेवायचा नाही, आणि एका परक्या मुलखातल्या माणसाला खुशाल भोकात उतरवायचं. त्यांना शिव्या देऊन माझं तोंड दुखलं. पण त्यांच्याकडून मला कधी काही अपेक्षाच नव्हती. अपेक्षा तुमच्याकडून होती. आई स्टोव्हपुढे बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती, घरात पाहुणे होते म्हणून. थापता थापता तिनं मला विचारलं, "त्यास्ले कोणी हाक मारी व्हती का?" मी म्हणालो, नाही आई, तिथून आवाज येत नाही. ती भाकरी तव्यावर टाकून तिच्याकडे बघत राहिली. "मंग कसाले ग्यात?" एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. तुमच्या नावाच्या जेवणाला ती मरेपर्यंत एकदाही गेली नाही. लोक म्हणायचे, बिचारीला सहन होत नाही. मला विचाराल तर तिला तुमचा रागच आला होता, माझ्यापेक्षा जास्त.

आता तुमच्या नातीबद्दल. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही, तुम्ही तिला माईकवरून कळलात. लहानपणापासून त्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसून तिनं टाळ्या ऐकल्या आहेत. बोलते ती निम्मं गुजरातीत, पण तोंडवळा तुमचा आणि तापट डोकंही तुमचंच. कापड रंगवण्याचा डिप्लोमा तिनं केला, पहिल्या नंबरानं केला, आणि पुढच्या महिन्यापासून ती एका डाईंग मिलमध्ये कामाला लागणार आहे. प्रयोगशाळेत, काचेमागे, असं ती म्हणते. मला माहीत आहे मिल काय असते. काचेमागे बसणारं माणूसही आरडाओरड ऐकली की बाहेर धावतं. मी हरकत घेतली नाही, घेऊन चाललीही नसती. पण विमानात ती काय करते ते मी रविवारी रविवारी बघत होतो. एकटी असताना सगळं नियमानं करायची, माझ्यापेक्षा सफाईनं करायची. पण गटातलं कोणी पेटलं, आणि त्यातही मी पेटलो, की सगळं विसरून तिथूनच घुसायची, थेट शेपटीमागून. आणि पेटायची. दर वेळी.

एका रविवारी मी तिला फार बोललो. खेळात सवय लागली की ती हातात बसते, असं म्हणालो, आणि बोलण्याच्या भरात तुमचं नाव काढलं. ती शांतपणे हेडफोन काढून माझ्याकडे वळली.

"पप्पा, आजोबा वर उभे राहून नुसते बघत राहिले असते, तर तुम्ही त्यांना काय म्हटलं असतं?"

"जिवंत म्हटलं असतं," मी म्हणालो.

"खोटुं नका बोलू. तुम्ही त्यांना भित्रा म्हटलं असतं. आणि त्यांनी स्वतःला काय म्हटलं असतं?"

मी तिला म्हणालो की वर उभं राहून बघणं आणि आत उडी मारणं यांच्यामध्ये पुष्कळ कामं असतात. पंखा ओढून आणणं असतं, दोर असतो, फोन असतो. ती कामं करणाऱ्या माणसाचा फोटो कोणी हॉलमध्ये लावत नाही, कारण तो जिवंत घरी येतो आणि पंगतीला बसून भाजीला नावं ठेवतो. चीड, खुशाल चीड, मी म्हणालो, पण चिडून वर चढ. त्यानंतर आम्ही फक्त तेवढंच करत राहिलो. मी मुद्दाम पेटायचो, मुद्दाम शेपटीमागे लटकायचो, आणि तिनं न येता वर चढायचं. सुरुवातीला ती यायचीच. मग अर्ध्यातून वळायला लागली. वळताना शिव्या द्यायची, मला की बॉम्बरला ते कळायचं नाही. तुमची सून म्हणायची, बापलेकीचं भांडण निदान जमिनीवर तरी करा.

परवाच्या रविवारी मी मुद्दाम काही केलं नव्हतं. सगळं नियमानं केलं होतं, उंच चढलो होतो, समोरून आलो होतो, आणि तरी बॉम्बरच्या पाठीवरच्या बंदुकीनं मला गाठलं. नियमानं गेलं तरी कधी कधी लागतं, हे मी नव्या पोरांना सांगत नाही. इंजिनातून काळा धूर निघाला, विमान हातात राहिना, आणि मी घसरत घसरत बरोबर त्याच्या शेपटीमागे जाऊन पडलो. "मला लागलं," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "हा, जोयुं, बघितलं. मी वर चालले." आवाज अगदी थंड. मी बाहेर उडी मारून पॅराशूटची छत्री उघडली. खेळात उडी मारली तरी पडदा चालू राहतो, खाली येता येता सगळं दिसतं. ती लांबून वर चढत होती, माझ्याकडे पाठ करून, ठिपक्याएवढी होईपर्यंत. बॉम्बर पुढे चालला होता आणि ती त्याच्याही पुढे गेली. मग वळली आणि समोरून अशी आली की बंदूकवाल्यांना फिरायलाही सवड मिळाली नाही. एकदाच गोळ्या झाडल्या. पंख मोडून तो खाली गेला. गटातली पोरं हेडफोनमध्ये ओरडत होती. मी शाब्बास म्हणालो. ती म्हणाली, "तमेच तर शिकवलं ने, पप्पा," आणि पोहे खायला उठली.

पोह्यांत मीठ जास्त आहे म्हणून मी बायकोवर खेकसलो. मीठ बरोबर होतं. पोरीशी दिवसभर नीट बोललो नाही, आणि तिला कळेना की जिंकल्यावर पप्पांचं काय बिनसलं.

हे मी हॉलमध्ये वाचणार नाही. मंडळाला सांगेन, घसा बसला आहे. तिथे वाचलं तर लोक म्हणतील, बापाच्या जेवणाला बसून बापालाच शिव्या घालतो. आणि तुम्हाला पाठवायचं म्हटलं तर कुठे पाठवू? राग गेलेला नाही, तो मी सोडणारही नाही. तुम्ही चुकलात ते चुकलातच. पोरीनं केलं तेच बरोबर होतं, आणि पुढच्या महिन्यात ती मिलच्या फाटकातून आत जाईल तेव्हा मला थोडा तरी धीर राहील. पण एक गोष्ट आहे, जी मी तिला सांगितली नाही, तुमच्या सुनेला सांगितली नाही. छत्रीला लटकून खाली येत होतो तेव्हा बॉम्बरकडे माझं लक्षच नव्हतं. मी तिच्या विमानाकडे बघत होतो, आणि मला सारखं वाटत होतं, की हिनं एकदा तरी माझ्याकडे यायला हवं होतं.